क्रॉनचा मेल आला नाही? शोध कामाच्या टोकापासून सुरू करा

परभणी, नांदेड, लातूरकडच्या कितीतरी पतसंस्था, कॉलेजं आणि जिनिंगमध्ये मांडणी एकसारखीच असते. कोपऱ्यातल्या टेबलाखाली किंवा भाड्याच्या क्लाउडवर एक लिनक्स सर्व्हर. रात्री डेटाबेसचा बॅकअप, पहाटे एखादा रिपोर्ट, आणि सकाळी साहेबांच्या मोबाइलवर त्याचा मेल. ही कामं ठरलेल्या वेळी सुरू करणारा प्रोग्राम म्हणजे क्रॉन. मग एके दिवशी फोन येतो, "दादा, चार दिवस झाले, मेलच येईना गेलाय बघा."

अशा वेळी बहुतेक जण इनबॉक्सच्या टोकापासून सुरुवात करतात. स्पॅम बघतात, जीमेलचा पासवर्ड बदलतात, आणि काहीच जमलं नाही तर पोस्टफिक्स (सर्व्हरवरून मेल पाठवणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकतात. माझ्या मते ही दिशाच उलटी आहे. मेल न येण्याचे दोन अर्थ होतात: काम झालं पण निरोप वाटेत अडकला, किंवा कामच झालं नाही. पहिला अर्थ त्रासाचा आहे, दुसरा नुकसानीचा. चार दिवसांचा बॅकअप नाही हे कळायच्या आत कुणी पोस्टफिक्सशी झटत बसू नये.

साखळी अशी असते. क्रॉन काम सुरू करतो. काम काहीतरी छापतं. छापलेलं सगळं क्रॉन गोळा करतो आणि सेंडमेल नावाच्या प्रोग्रामच्या हाती देतो. तो मेल रांगेत टाकतो, रांगेतून तो बाहेरच्या सर्व्हरकडे जातो, आणि तो सर्व्हर मेल स्वीकारतो किंवा नाकारतो. प्रत्येक कडी कुठे ना कुठे नोंद सोडते. आपण त्या नोंदी क्रमानं वाचायच्या, बस.

खाली कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत. सर्व्हरवर ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनंच टाइप करायची.

काम सुरू तरी झालं होतं का?

उबुंटू-डेबियनवर क्रॉनच्या नोंदी /व्हार/लॉग/सिसलॉग मध्ये असतात, रेड हॅटच्या घराण्यात /व्हार/लॉग/क्रॉन मध्ये. डेबियन १२ पासून या फाइली लिहिणारा आरसिसलॉग आपोआप बसत नाही, त्यामुळे सिसलॉगची फाइलच दिसली नाही तर घाबरू नका, जर्नल बघा:

जर्नलसीटीएल -यू क्रॉन --सिन्स यस्टरडे

रेड हॅट, अल्मा, रॉकी यांवर सर्व्हिसचं नाव क्रॉनडी. या नोंदींत आपल्या कामाच्या वेळेला कंसात युजरचं नाव, मग सीएमडी आणि पुढे कमांड अशी ओळ दिसायला हवी. ती दिसली म्हणजे क्रॉननं काम सुरू केलं, एवढंच. ते यशस्वी झालं असा अर्थ काढू नका.

ओळ नसेल तर कारणं बहुधा साधी निघतात. पहिलं कारण वीज. मशीन ऑफिसात असेल आणि रात्री दोनला लाइट गेली, यूपीएस अर्ध्या तासात बसला, तर दोनचं काम गेलं ते गेलंच. हुकलेलं काम क्रॉन नंतर उरकत नाही. वळवाच्या पावसाच्या दिवसांत तर हे ठरलेलंच. रोजचं काम असेल तर अ‍ॅनाक्रॉन वापरा, किंवा सिस्टिमडी टायमर लावून त्यात पर्सिस्टंट=ट्रू लिहा. मशीन चालू झालं की राहिलेलं काम होतं. टायमरची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: तो स्वतःहून कुणालाही मेल पाठवत नाही. क्रॉन सोडून टायमरवर गेल्यावर मेल बंद झाले असतील तर बिघाड काहीच नाही; ऑनफेल्युअर लिहून मेलची सोय वेगळी करावी लागते.

दुसरं कारण घड्याळ. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात आणि आपण साडेपाच तास पुढे. त्यामुळे रात्री दोनसाठी लावलेलं काम आपल्याकडच्या सकाळी साडेसातला होतं. टाइमडेटसीटीएल लिहून बघा, हवं तर झोन आशिया/कोलकाता करा, आणि त्यानंतर क्रॉन रीस्टार्ट करा. चालू असलेला क्रॉन जुन्याच वेळेवर चालत राहतो.

तिसरं कारण फाइलीचं नाव. /ईटीसी/क्रॉन.डेली मध्ये बॅकअप.एसएच नावाची स्क्रिप्ट टाकली, परवानगी दिली, हातानं चालवून पाहिली, सगळं ठीक. पण रात्री ती चालत नाही. डेबियन-उबुंटूवर या फोल्डरातल्या स्क्रिप्ट चालवणारा रन-पार्ट्स नावात टिंब असलेली फाइल गुपचूप वगळतो. नुसतं बॅकअप असं नाव द्या. कोणत्या फाइली चालतील हे आधीच बघता येतं:

रन-पार्ट्स --टेस्ट /ईटीसी/क्रॉन.डेली

चौथं कारण फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्या युजरच्या नावे काम आहे त्याच्या पासवर्डची मुदत संपलेली असते. मग पॅम (युजरची खाती तपासणारी व्यवस्था) क्रॉनला आतच येऊ देत नाही, आणि नोंदींत 'एक्स्पायर्ड पासवर्ड' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. चेज -एल आणि पुढे युजरचं नाव दिलं की मुदत दिसते.

काम सुरू होतं पण पुरं होत नाही, असं असेल तर क्रॉनच्या वातावरणाकडे बघा. आपण लॉगिन करतो तेव्हा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) लांबलचक असतो. क्रॉनकडे बहुधा /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कमांडचा पूर्ण मार्ग लिहा. क्रॉनला जे दिसतं ते आपल्याला बघायचं तर असं चालवा (इथे ऑफिस हे युजरचं नाव):

सुडो -यू ऑफिस एन्व्ह -आय होम=/होम/ऑफिस पाथ=/यूएसआर/बिन:/बिन /बिन/एसएच -सी '/ऑप्ट/बॅकअप'

आणि क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत तारखेसाठी % वापरला असेल तर त्याआधी \ हवाच. नाहीतर क्रॉन पहिल्या % पाशी कमांड तोडतो आणि पुढचा भाग इनपुट म्हणून देतो. फाइलीचं नाव तारखेवरून ठेवणारे बॅकअप इथे हमखास मोडतात.

कामानं काही छापलं का?

क्रॉन मेल केव्हा पाठवतो? कामानं पडद्यावर काही छापलं तरच. यश-अपयशाशी त्याला देणंघेणं नसतं. काम मुकाट्यानं झालं तर मेल नाही, आणि मुकाट्यानं फसलं तरी मेल नाही.

म्हणून आधी क्रॉनटॅब -एल लिहून ओळ नीट वाचा. शेवटी >/डेव्ह/नल २>&१ असेल तर आउटपुट आणि चुका दोन्ही कचऱ्यात चालल्यात. ही शेपटी नेटवरून उचललेल्या जवळजवळ प्रत्येक ओळीला चिकटलेली असते, आणि ती का आहे हे कुणी विचारत नाही. मेल हवे असतील तर ती काढा. निदान चुका तरी येऊ द्यायच्या असतील तर फक्त >/डेव्ह/नल एवढंच ठेवा.

मग मेलटू, म्हणजे मेल कुणाला पाठवायचा ते सांगणारी ओळ. ही ओळ कॅपिटल अक्षरांत, कामाच्या ओळीच्या वर हवी. तिच्या खालच्या कामांनाच ती लागू होते. पुढे रिकामे अवतरण असतील तर त्याचा अर्थ 'मेल पाठवू नकोस' असा आहे. मेलटू नसेलच तर मेल त्या मशीनवरच्या त्याच युजरला जातो. आता गंमत बघा: 'मेल येत नाहीत' अशी तक्रार असलेल्या मशीनवर /व्हार/मेल/रूट उघडली की कधी कधी दोन-दोन वर्षांचे मेल तिथे सुखानं पडलेले असतात. ते बाहेर यावेत म्हणून /ईटीसी/एलिअसेस मध्ये रूटपुढे खरा पत्ता लिहा आणि न्यूएलिअसेस चालवा. चालवल्याशिवाय बदल लागू होत नाही.

क्रॉन मेल कुणाच्या हाती देतो?

क्रॉनला मेल पाठवता येत नाही. तो /यूएसआर/एसबिन/सेंडमेल शोधतो. उबुंटू सर्व्हरच्या मूळ इन्स्टॉलेशनमध्ये असा कोणताच प्रोग्राम नसतो, आणि मग सिसलॉगमध्ये 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' अशी ओळ येते. म्हणजे मेल पाठवणारा प्रोग्राम (एमटीए) नाही, म्हणून आउटपुट फेकून दिलं. रेड हॅटकडचा क्रॉन, म्हणजे क्रोनी, जरा सभ्य आहे. त्याला सेंडमेल सापडला नाही तर तो आउटपुट सिसलॉगकडे वळवतो आणि सुरू होतानाच तशी नोंद करतो.

इथे काय बसवायचं? सर्व्हरवरून फक्त सूचना बाहेर पाठवायच्या असतील तर एमएसएमटीपी आणि सोबत एमएसएमटीपी-एमटीए पुरतं. सेटिंग छोटं आहे. पण त्याला रांग नाही. त्या क्षणी नेट बंद असेल तर मेल गेला. आपल्याकडच्या ब्रॉडबँडचा भरवसा लक्षात घेता ऑफिसातल्या मशीनवर मी पोस्टफिक्सच बसवतो. नेट येईपर्यंत तो मेल धरून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ठरीव सेटिंगमध्ये पाच दिवस.

हातानं मेल पाठवा आणि लॉग वाचा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर क्रॉन बाजूला ठेवा आणि थेट मेल पाठवून बघा:

एको "चाचणी" | मेल -एस "सर्व्हर चाचणी" आपलापत्ता

मेल ही कमांड नसेल तर उबुंटूवर मेलयूटिल्स बसवा. दुसऱ्या खिडकीत लॉग उघडा ठेवा: डेबियन-उबुंटूवर टेल -एफ /व्हार/लॉग/मेल.लॉग, रेड हॅटवर /व्हार/लॉग/मेललॉग, आणि या दोन्ही फाइली नसतील तर जर्नलसीटीएल -टी पोस्टफिक्स/एसएमटीपी.

प्रत्येक मेलसाठी शेवटी स्टेटस लिहिलेली एक ओळ येते. सगळं मर्म त्या ओळीत आहे, म्हणून ती अर्धी वाचून सोडू नका. स्टेटस सेंट असेल तर आधी रिलेपुढे (म्हणजे मेल कुणाकडे दिला त्यापुढे) काय आहे ते बघा. तिथे 'लोकल' असेल आणि शेवटी 'डिलिव्हर्ड टू मेलबॉक्स' असेल तर मेल मशीनच्या बाहेर पडलेलाच नाही. दूरच्या सर्व्हरचं नाव आणि २५० हा आकडा असेल तर समोरच्यानं मेल स्वीकारला. तिथून पुढे आपला सर्व्हर निर्दोष. डिफर्ड म्हणजे रांगेत आहे, पुन्हा प्रयत्न होईल. बाउन्स्ड म्हणजे कायमचा नकार, आणि कंसात कारण दिलेलं असतं. आकडा ४ नं सुरू झाला तर अडचण तात्पुरती, ५ नं सुरू झाला तर पक्की.

रांग बघायला पोस्टक्यू -पी. प्रत्येक मेलखाली अडण्याचं कारण छापलेलं असतं. मेलमध्ये नेमकं काय आहे ते पोस्टकॅट -क्यू आणि आयडी देऊन वाचता येतं. हे फार उपयोगी आहे, कारण ज्या रात्रीचे मेल अडलेत त्या रात्री बॅकअपचं काय झालं तेही इथेच कळतं. कारण दूर केल्यावर पोस्टक्यू -एफ नं रांग ढकला. पोस्टसुपर -डी ऑल नं रांग साफ होते, पण ती वाचल्याशिवाय साफ करू नका.

एक कारण आपल्या भागात जास्त दिसतं म्हणून थोडं थांबून सांगतो. लॉगमध्ये 'होस्ट ऑर डोमेन नेम नॉट फाउंड' आणि शेवटी 'ट्राय अगेन' असं येतं, पण त्याच मशीनवरून पिंग मात्र व्यवस्थित चालतं. डेबियन-उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत पोस्टफिक्सचा बाहेर मेल नेणारा भाग /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स या कोंडलेल्या जागेत चालतो, आणि त्याच्याकडे रिझॉल्व्ह.कॉन्फची (डोमेनचा पत्ता कुणाला विचारायचा ते सांगणाऱ्या फाइलीची) वेगळी प्रत असते. ही प्रत पोस्टफिक्स सुरू होताना घेतली जाते. लाइट आल्यावर सर्व्हर आधी उठतो, राउटर दोन मिनिटांनी. तोवर प्रत रिकामी घेतलेली असते. दोन्ही फाइली ताडून बघा, फरक दिसला तर पोस्टफिक्स रीस्टार्ट करा. कायमचा इलाज म्हणजे राउटरलाही यूपीएसवर घेणं.

पंचवीस नंबरचं दार बंद असतं

'कनेक्शन टाइम्ड आउट' आणि पोर्ट २५ (सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल जायचं दार) अशी ओळ आली तर पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये कारण शोधू नका. स्पॅम रोखण्यासाठी गूगल क्लाउड बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतं, अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ वर ते मूळचं अडवलेलं असतं, आणि घरगुती ब्रॉडबँडवरही ते बऱ्याच ठिकाणी बंद असतं. खात्री करायला आधी हे चालवा, मग ५८७ (खात्यामार्फत मेल पाठवायचं दार) च्या जागी २५ घालून पुन्हा:

एनसी -व्हीझेड एसएमटीपी.जीमेल.कॉम ५८७

५८७ लागलं आणि २५ लागलं नाही तर उत्तर मिळालं. मग मेल थेट न पाठवता एखाद्या मेल खात्यामार्फत पाठवायचा. पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ मध्ये पाच ओळी लागतात: रिलेहोस्टमध्ये चौकटी कंसात सर्व्हरचं नाव आणि पुढे :५८७, एसएमटीपी_एसएएसएल_ऑथ_एनेबल ला येस, एसएमटीपी_एसएएसएल_पासवर्ड_मॅप्स मध्ये पासवर्डच्या फाइलीचा मार्ग, एसएमटीपी_एसएएसएल_सिक्युरिटी_ऑप्शन्स ला नोअ‍ॅनॉनिमस, आणि एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल ला एन्क्रिप्ट. पासवर्डच्या फाइलीला परवानगी ६००, तिच्यावर पोस्टमॅप चालवा, मग पोस्टफिक्स रीलोड.

यात अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पासवर्डच्या फाइलीतलं सर्व्हरचं नाव रिलेहोस्टशी अक्षरशः जुळायला हवं. एकीकडे चौकटी कंस आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानंही पासवर्ड सापडत नाही. फाइल बदलली की दर वेळी पोस्टमॅप. 'नो वर्दी मेक्स फाउंड' आलं तर उबुंटूवर लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स आणि रेड हॅटवर सायरस-एसएएसएल-प्लेन हे पॅकेज राहिलंय.

जीमेलचं खातं वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गूगलनं साध्या खात्यांसाठी ती सोय ३० मे २०२२ पासून बंद केली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. तो चार-चार अक्षरांच्या गटात दिसतो. लिहिताना मधल्या मोकळ्या जागा काढा. आणि पतसंस्थेतल्या कुणी त्या गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. लॉगमध्ये अचानक ५३५ (लॉगिन नाकारलं) दिसू लागलं तर आधी ऑफिसात विचारा, "काय हो, पासवर्ड कुणी बदलला का?" म्हणूनच साहेबांचं रोजचं खातं सर्व्हरला देऊ नका. सूचनांसाठी वेगळं खातं काढा.

स्वतःच्याच डोमेनचा मेल पोचत नाही

कॉलेजांत हा प्रकार नेहमीचा. वेबसाइट स्वतःच्या सर्व्हरवर, पण मेल गूगल वर्कस्पेसवर. सर्व्हरवरून बाहेरच्या जीमेल पत्त्यांवर मेल जातो, प्राचार्यांच्या कॉलेजच्या पत्त्यावर मात्र जात नाही. लॉगमध्ये 'अननोन युजर' किंवा 'युजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल'. पोस्टफिक्स बसवताना डोमेन विचारलं, तिथे कॉलेजचं नाव टाकलं, आणि ते मायडेस्टिनेशनमध्ये जाऊन बसलं. आता पोस्टफिक्स समजतो की हे डोमेन माझंच, बाहेर कशाला जायचं? पोस्टकॉन्फ मायडेस्टिनेशन लिहून बघा आणि त्यातून ते डोमेन काढा. लोकलहोस्ट राहू द्या.

पोचला, पण स्पॅममध्ये

थेट मेल पाठवत असाल तर इथे लढाई लांबते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल त्या डोमेनचाच आहे हे पटवणाऱ्या खुणा) यांपैकी एक तरी लागतं. ते नसेल तर ५.७.२६ हा आकडा येतो. सर्व्हरच्या आयपीचं उलट नाव, म्हणजे पीटीआर नोंद, नसेल तर ५.७.२५. आयपीव्ही६ वरून मेल जात असेल आणि पीटीआर फक्त आयपीव्ही४ ला असेल तरी हेच होतं. अशा वेळी इनेट_प्रोटोकॉल्स ला आयपीव्ही४ करणं हा सोपा उपाय. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता रूट@लोकलहोस्ट.लोकलडोमेन असा असेल तर 'डोमेन नॉट फाउंड' म्हणून नकार येणं साहजिक आहे. एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स वापरून त्या जागी खरा पत्ता घाला. दिवसाला दोन-चार सूचनांसाठी ही सगळी उस्तवार मला पटत नाही. खात्यामार्फत पाठवा, बरंच वाचेल.

डिस्क रिकामी, तरी 'जागा नाही'

डीएफ -एच म्हणतं निम्मी डिस्क मोकळी, आणि तरी प्रत्येक प्रोग्राम 'नो स्पेस लेफ्ट' म्हणतो. डीएफ -आय लिहा. पोस्टफिक्स बंद पडलेला असतो, पण क्रॉन दर मिनिटाला मेल देतच राहतो, आणि प्रत्येक मेल /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/मेलड्रॉप मध्ये एक छोटी फाइल होऊन साठतो. महिनोन्‌महिने असं झालं की आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी एक नोंद) संपतात आणि डेटाबेससुद्धा अडतो. तिथे एलएस करू नका, मशीन लटकेल. फाइंडनं -डिलीट देऊन त्या काढा, पण त्याआधी दर मिनिटाला बडबडणारं काम कोणतं ते शोधून गप्प करा.

मेल कमी, पण नेमके

रोज 'सगळं ठीक' म्हणणारा मेल महिनाभरात कुणी वाचेनासं होतं. मोअरयूटिल्स पॅकेजमधला क्रॉनिक हा छोटा प्रोग्राम कामाच्या आधी लावला की काम फसलं तरच आउटपुट पुढे जातं. मात्र मग शांततेचा अर्थ पुन्हा संदिग्ध होतो: सगळं ठीक, की क्रॉनच मेला? म्हणून दुसऱ्या एखाद्या मशीनवरून बॅकअपचं वय तपासा. बॅकअपचा फोल्डर तिथून दिसत असेल तर एवढी ओळ पुरते:

फाइंड /बॅकअप -नेम '*.जीझेड' -एममिन -१५६०

१५६० मिनिटं म्हणजे २६ तास. रोजचा बॅकअप तास-दोन तास लांबला तरी उगाच आरडाओरडा नको म्हणून दोन तास जास्तीचे. काहीच सापडलं नाही तर सूचना जाऊ द्या, पण मेलनं नको. कर्लनं टेलिग्रामवर किंवा एसएमएसच्या सेवेवर पाठवा. ही तपासणी त्याच सर्व्हरवर ठेवली तर तो बंद पडल्यावर तीही बंद पडेल, आणि त्याच मेल खात्यावरून पाठवली तर त्या खात्याचा पासवर्ड बदलल्यावर तीही अडेल.